सरवा वेचणारी सून

बायबलात रूथ नावाचा एक लहानसा ग्रंथ आहे. त्याचे अध्याय अवघे ४. ज्यू आणि ख्रिस्ती हे दोघेही तो पवित्र मानतात. त्यातली ही गोष्ट.

यहूदा प्रांतात बेथलेहेम नावाचे गाव आहे. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. पण एकदा असा दुष्काळ पडला, की भाकरीच्या घरातच भाकर मिळेना. तेव्हा अलीमलेख नावाचा गृहस्थ गाव सोडून मवाब देशात गेला. बरोबर बायको नामी आणि महलोन व खिल्योन हे दोन मुलगे. मवाब मृत समुद्राच्या पूर्वेला होता. तो मुलूख आज जॉर्डन देशात मोडतो.

पोट भरायला गेले, पण तिथे घरधनीच वारला. पुढे मुलांची लग्ने तिथल्याच मुलींशी झाली. एकीचे नाव अर्पा, दुसरीचे रूथ. सुमारे १० वर्षांत दोन्ही मुलगेही गेले. एका घरात तीन विधवा उरल्या.

आता नामीने काय करावे? गावाकडे पुन्हा पीकपाणी झाल्याचे तिच्या कानी आले. ती निघाली. सुनाही निघाल्या. वाटेत नामी थांबली. मुलींनो, माहेरी परत जा, पुन्हा संसार मांडा, असे तिने सांगितले. अर्पा रडत परतली. तिला दोष देऊ नये. तिने सासूचेच ऐकले. रूथ मात्र हलेना. सासूचे लोक आणि सासूचा देव तिने आपले मानले.

दोघी बेथलेहेमला पोचल्या. नामीला आपले नावही नकोसे झाले होते. नामी म्हणजे गोड. मला आता मारा, म्हणजे कडू म्हणा, असे ती बायकांना म्हणाली. दुःखात माणूस असे बोलतो.

मवाबात नामी परकी होती. इथे रूथ परकी झाली.

तेव्हा सातूची कापणी सुरू होती. त्या लोकांचा एक नियम होता. शेताच्या कडा कापायच्या नाहीत. पडलेली कणसे उचलायची नाहीत. विसरलेली पेंढी आणायला परत जायचे नाही. हे सारे गरीब, विधवा, पोरकी मुले आणि परदेशी यांचे. याला आपण सरवा म्हणतो. ती भीक नव्हती, तो हक्क होता. पण हक्क असला तरी परक्या बाईला शेतातून हाकलायला कितीसा वेळ लागतो?

रूथ ज्या शेतात गेली, ते बवाजचे होते. तो अलीमलेखाच्या भाऊबंदांतला. त्याने रूथची चौकशी केली. तिला कोणी त्रास देऊ नये, अशी गड्यांना ताकीद दिली. तहान लागली तर आमच्या घड्यातले पाणी पी, असे तिला सांगितले. जेवायला जवळ बसवले. आणि गड्यांना सांगितले, की पेंढ्यांतली थोडी कणसे मुद्दाम पाडा. रूथच्या कष्टाचा मान राहिला, आणि पदरही भरला. संध्याकाळी तिने झोडपून पाहिले, तर एक एफा सातू निघाले. म्हणजे सुमारे २० लिटर! जेवणातले उरलेलेही तिने सासूसाठी राखले होते.

पुढे नामीच्या सल्ल्याने रूथने बवाजला भाऊबंदकीच्या कर्तव्याची आठवण दिली. बवाजने गावाच्या वेशीत १० पंच बसवले. अलीमलेखाची जमीन सोडवण्याचा पहिला मान दुसऱ्या एका जवळच्या नातलगाचा होता. तो मागे हटला. मग बवाजने जमीन सोडवली आणि रूथशी लग्न केले. त्यांना ओबेद झाला. नामीने त्याला मांडीवर घेतले. सात मुलांपेक्षा ही सून बरी, असे बायका म्हणाल्या. याच ओबेदाचा नातू दावीद राजा.

मंडळी, आपल्याकडे भाऊबंदकी म्हटले की भांडण आठवते. इथे भाऊबंदाने बुडते घर वर काढले. गावात परके माणूस आले, तर त्याची नुसती कीव करू नये. त्याला काम द्यावे, पाणी द्यावे, आणि त्याच्या अंगावर कोणी जाणार नाही, हे पाहावे.

प्रश्न
१. अलीमलेखाने गाव का सोडले?
२. सरवा कोणासाठी ठेवत?
३. बवाजने धान्य नुसते हातावर का ठेवले नसेल? आपसात बोला.
४. तुमच्या गावात कामासाठी बाहेरून कोण येते? त्यांच्याविषयी ४ ओळी लिहा.