आधी बर्फ बघा, मग तिकीट काढा

स्वित्झर्लंडला डोंगर चालायला जायचं ठरलं की आपल्याकडे सगळं मे महिन्याभोवती फिरतं, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच असते. विमानाची तिकिटं निघतात, व्हिसासाठी हॉटेलं ठरतात, रेल्वेचा पास घेतला जातो आणि वाटांचा विचार सगळ्यात शेवटी होतो. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. आल्प्समध्ये कोणती वाट कधी चालता येईल हे बर्फ ठरवतो. दोन हजार मीटरच्या वर, विशेषतः उत्तरेकडच्या उतारांवर, तो जूनअखेरपर्यंत आणि काही वर्षी जुलैतही टिकतो. शिवाय स्कीइंगचा हंगाम संपल्यावर अनेक केबल कार देखभालीसाठी बंद असतात आणि उंचावरच्या बऱ्याच डोंगरी झोपड्या जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे मे महिन्यात उंचावर वाट मोकळी नसते, वर न्यायला वाहन नसतं आणि मुक्कामाला छप्परही नसतं.

एक प्रसिद्ध वाट घेऊन हिशेब मांडू. शिनिगे प्लाटेहून फाउलहॉर्नमार्गे फर्स्टला जाणारी ही वाट साधारण सोळा किलोमीटरची आणि सहा तासांची आहे. सुरुवातच १९६७ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटरपेक्षा तीनशेहून अधिक मीटर वर. फाउलहॉर्नचा माथा २६८१ मीटर. विल्डर्सविलहून वर नेणारी दातेरी रुळांची रेल्वे १८९३ पासून आहे, पण तीही उन्हाळी हंगामातच चालते. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते आणि त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. जेवण, पाणी, फोटो यांना दीड तास धरा. अकराला निघालात तर फर्स्टला पोचायला साडेसहा वाजतील. शेवटची केबल कार गेलेली असेल, तर ग्रिंडेलवाल्डपर्यंत आणखी अकराशे मीटर पायी उतरावं लागेल. जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो म्हणून वेळ भरपूर आहे असं वाटतं, पण केबल कारचं वेळापत्रक उजेडावर चालत नाही. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येतो आणि या वाटेवर झाडांचा आसरा जवळजवळ नाही. म्हणून सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एक पकडायची आणि अमुक वाजेपर्यंत फाउलहॉर्न गाठलं नाही तर मागे फिरायचं, ही वेळ घरूनच ठरवून न्यायची.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालणारे यावर म्हणतील, आम्ही कातळकडे चढतो, खुणा केलेल्या वाटांचं काय एवढं? चढण्याची ताकद आणि तोल त्यांच्याकडे असतोच, ते मला मान्य आहे. पण सह्याद्रीत जुना बर्फ नसतो. रात्री गोठलेला बर्फाचा पट्टा सकाळी काचेसारखा गुळगुळीत असतो आणि तिरक्या उतारावर त्यावरून पाय सटकला तर सावरायला काही मिळत नाही. खुणांचे रंगही वाचता आले पाहिजेत. पिवळी खूण साध्या वाटेची. पांढरी-लाल-पांढरी डोंगरी वाटेची. तिथे अरुंद, घसरडा आणि दरीच्या कडेचा टप्पा येऊ शकतो. पांढरी-निळी-पांढरी दिसली की हिमनदी किंवा कातळ येऊ शकतो हे गृहीत धरायचं. कुटुंबाला घेऊन तिकडे जाऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: पैसे भरलेले आहेत, सुट्ट्या मोजक्या आहेत, हवामान बिघडलं म्हणून दिवस वाया कसा घालवायचा? मला वाटतं, माणसं अडचणीत सापडतात ती बहुतेक इथेच. रोज नव्या गावी मुक्काम आणि प्रत्येक दिवसाला एकच ठरलेली वाट असली की आभाळ काळवंडलं तरी पाय पुढेच पडतात. त्यापेक्षा एकाच खोऱ्यात चार-पाच मुक्काम करावेत आणि प्रत्येक उंच वाटेला एक सखल पर्याय जोडून ठेवावा. लाउटरब्रुनेनहून श्टेखेलबेर्गपर्यंतची सपाट वाट पावसातही चालता येते. इझेल्टवाल्ड ते गीसबाख ही ब्रिएन्झ तळ्याकाठची वाटही तशीच. मे महिन्याशिवाय जमतच नसेल तर अशाच वाटा निवडा. वितळत्या बर्फामुळे लाउटरब्रुनेनचे धबधबे तेव्हा भरात असतात, त्यामुळे सहल कमी प्रतीची होत नाही.

विम्याकडे मात्र बारकाईने पाहा. व्हिसासाठी काढलेली पॉलिसी वैद्यकीय खर्च देते, पण डोंगरातला शोध आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका त्यात आहे का, आणि किती उंचीपर्यंत, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. तिथली सुटका तत्पर असते, फुकट नसते. रेगा या हवाई बचाव संस्थेचा क्रमांक १४१४ आणि युरोपभर चालणारा ११२ फोनमध्ये आधीच ठेवा. आणि उंच वाटाच चालायच्या असतील, तर मुलांची शाळा थोडी बुडाली तरी चालेल, पण तिकीट जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचंच काढा.