योसेफाचा झगा

बायबलांतील उत्पत्तीच्या पुस्तकांत योसेफाची गोष्ट आहे. सतरा वर्षांचा मुलगा; बापाच्या म्हातारपणीं झालेला, म्हणून लाडका. बापानें त्यास एकट्यासच उंची झगा करून दिला. त्यास स्वप्नें पडत आणि तीं तो भावांस सांगे. भाऊ आपणांस नमन करीत होते, हेंही तो लपवीत नसे. योसेफ अगदीं निर्दोष होता असें नाहीं. पण तो वेगळा होता खास.

भाऊ दोथान येथें मेंढरें चारीत असतां योसेफ दुरून येतांना दिसला. तो जवळ येण्यापूर्वींच त्यांनीं त्याचें नांव टाकून दिलें व ते त्यास स्वप्नें पाहणारा म्हणूं लागले. आम्हांस वाटतें, छळास आरंभ होतो तो येथें. ज्यास नांव आहे त्यास खड्ड्यांत लोटणें जड जातें. टोपणनांवास लोटणें सोपें. त्यांनीं त्याचा झगा काढून घेतला, त्यास कोरड्या खड्ड्यांत टाकलें, आणि ते जेवावयास बसले.

हें जेवण आम्हांस विसरतां येत नाहीं, कारण तसें एक आम्हीही जेवलों आहों. आम्ही शाळेंत असतां कोंकणांतून एक मुलगा आमच्या वर्गांत आला. त्याचे हेल निराळे, सदऱ्यास ठिगळ. पण पहिल्याच परीक्षेंत गणितांत तो आमच्या पुढें गेला. आम्ही त्याच्या बोलण्याची नक्कल करूं लागलों. खरें पाहतां आम्हांस त्याचे मार्क सलत होते. मार्कांस हंसतां येत नाहीं, म्हणून बोलण्यास हंसत होतों. एके दिवशीं मधल्या सुटींत त्याची गणिताची वही आम्हीं शाळेच्या कौलांवर फेकली, आणि झाडाखालीं डबे सोडून बसलों. त्या रात्रीं पाऊस झाला. पुढें तो वर्गांत उत्तर देण्यास हात वर करीनासा झाला.

थोरला भाऊ रऊबेन याच्या मनांत योसेफास गुपचूप सोडवावयाचें होतें. म्हणून जिवें मारूं नका, खड्ड्यांत टाका, इतकेंच तो बोलला. तो परत आला तेव्हां खड्डा रिकामा होता. भावांनीं योसेफास वीस रुप्याच्या नाण्यांस विकलें होतें. आमच्या वर्गांतही असे रऊबेन होते. फिनलंडांत क्रिस्टिना साल्मिवाली व त्यांचे सहकारी यांनीं बारातेरा वर्षांच्या मुलांचे वर्ग पाहिले. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत छळणारा व छळला जाणारा एवढेच नव्हते. साथ देणारे, हंसून चेव आणणारे, दूर राहणारे, पाठीशीं उभे राहणारे असेही होते.

झगा याकोबानें दिला होता, हें पालकांनीं विसरूं नये. शेजारच्या मुलाचा नंबर पाहा, असें ताटावर बसून म्हणणारा बाप त्या मुलास एक झगाच देत असतो. आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशीं, स्वतःस नकळत, तो घालून वर्गांत येतो.

उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायांत योसेफ खड्ड्यांतून कांहीं बोलल्याचा उल्लेख नाहीं. तो काकुळतीनें विनवीत होता, हें ४२ व्या अध्यायांत कळतें; सुमारें वीस वर्षांनंतर, मिसर देशांत धान्य घ्यावयास गेलेल्या भावांच्याच तोंडून. आमचा तो सोबतीही कौलांकडे पाहत कांहीं म्हणाला होता. त्या वहीच्या मागच्या पानांवर आपला धाकटा भाऊ लिहितो, तेवढी काढून द्या, असें तो म्हणाला. आम्हीं तें ऐकलें होतें.