रस्त्यावरील वृक्ष : हानी आणि महापालिकेचे उत्तरदायित्व

पहिल्याच वादळी पावसात रस्त्याकडेचे झाड उभ्या मोटारीवर किंवा घराच्या कुंपणभिंतीवर कोसळते. भरपाई कोणी द्यावयाची, हा वाद तेथूनच सुरू होतो. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत (७४ वी घटनादुरुस्ती, १९९२) नागरी वनीकरणाचा समावेश आहे. तथापि, झाड पालिकेच्या मालकीचे आहे एवढ्यानेच भरपाईचा हक्क सिद्ध होत नाही. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय एकत्र अभ्यासावेत. दोन्ही प्रकरणांत जीवितहानी झाली होती. परंतु निष्काळजीपणाचे तत्त्व मालमत्तेच्या हानीसही लागू पडते. राजकोट महानगरपालिका प्रकरणात (१९९७) झाड अचानक उन्मळून पादचाऱ्यावर पडले. दोषाची पूर्वकल्पना नसताना झालेल्या अशा अपघाताबद्दल पालिकेस जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीला देवी (१९९९) या प्रकरणाचा निकाल मात्र वेगळा लागला. १९६४ मध्ये कडुनिंबाची फांदी स्कूटरस्वारावर पडली होती. झाड वाळलेले होते आणि साध्या पाहणीतही धोका लक्षात आला असता. वादळ, वीज वा अतिवृष्टी अशा दैवी आपत्तीचा बचावही पालिकेने घेतलेला नव्हता. पालिका दायी ठरली.

वरवर पाहता हे निर्णय परस्परविरोधी वाटतात आणि परीक्षार्थी येथेच गोंधळतात. वास्तविक भेद धोक्याच्या ज्ञानाचा आहे. म्हणूनच झाड पोखरलेले आहे, फांदी वाळली आहे, अशी लेखी तक्रार आधी दिलेली असल्यास दावा कितीतरी बळकट होतो, कारण त्यानंतर पालिकेस अज्ञानाची सबब उरत नाही. मुळांभोवती काँक्रीट ओतणे हाही प्रश्न याच्याशी निगडित आहे. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट हटविण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता.

मुळांमुळे भिंतीस तडे गेल्यास घरमालकाने स्वतः कुऱ्हाड चालविणे योग्य नव्हे. दिल्लीत १९९४ च्या, तर महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

हानी झाल्यावर छायाचित्रे, पंचनामा आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक तत्काळ जमवावे; पालिकेचे कर्मचारी ओंडके उचलून नेतात आणि कुजलेल्या बुंध्याचा पुरावाही त्यांबरोबर जातो. वाहनाचा सर्वसमावेशक विमा असल्यास प्रथम विमा कंपनीकडे दावा करणे सोयीचे. केवळ त्रयस्थ-पक्ष विम्यात ही हानी भरून मिळत नाही. उभयपक्षी तडजोड शक्य असेल तर लोकअदालतीचा मार्ग अल्पखर्चिक आहे. दिवाणी दाव्यासाठी मात्र मुदत काटेकोर आहे. दिल्ली महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४७८ प्रमाणे दोन महिन्यांची लेखी पूर्वसूचना आवश्यक असून, भरपाईचा दावा वादकारण उद्भवल्यापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो.