शस्त्रक्रियेनंतर जनावराच्या शरीरात राहून गेलेला बोळा

वडूज व खटाव तालुक्याच्या परिसरात पर्जन्यमान अल्प असल्याने दावणीची गाय, म्हैस व दोन-चार शेळ्या यांवरच अनेक कुटुंबांचा प्रपंच चालतो. अडलेल्या गाईचे वासरू पोट उघडून काढणे किंवा चाऱ्याबरोबर गिळलेली तार, खिळा पोटातून काढणे, या शस्त्रक्रिया पुष्कळदा गोठ्यातच कराव्या लागतात. त्यांमुळे जनावरे वाचतात. तथापि रक्त टिपण्यासाठी वापरलेला जाळीच्या कापडाचा बोळा क्वचित आतच राहून जातो, हा धोका पशुपालकांनी जाणून असावा.

असे का घडते?

रक्ताने भिजलेला बोळा आतड्यांत व मांसात वेगळा ओळखू येत नाही. रात्रीची वेळ, अपुरा उजेड, बिथरलेले जनावर व मदतीस एखादाच माणूस, अशा घाईत मोजणी चुकते. कुत्रीचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही असे प्रकार आढळले आहेत.

परिणाम व लक्षणे

टाके घालण्याचा कॅटगट धागा शरीरात विरघळतो. कापूस विरघळत नाही. कधी त्याभोवती जाड आवरण होऊन ती गाठ कित्येक महिने मुकाट राहते. कधी पू होऊन टाक्यांच्या जागी छिद्र पडते व ते वाहत राहते. ताप येतो, चारा व दूध घटते, जनावर रोडावते. सुया चालू असेपर्यंत जखम सुकते व सुया थांबताच पुन्हा वाहू लागते, ही विशेष संशयाची खूण होय. अशा वेळी केवळ औषधे बदलून उपयोग नाही. बोळा काढूनच टाकावा लागतो. साधा कापूस क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नाही; क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला बोळा दिसतो. सोनोग्राफीनेही गाठीचा अंदाज येतो. आपल्या जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने जनावर तेथे दाखवावे.

पशुपालकांनी काय करावे?

१. शस्त्रक्रियेपूर्वी बोळे व हत्यारे किती, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहावे.

२. वापरलेले बोळे शेणात वा उकिरड्यावर न टाकता एका घमेल्यात ठेवावेत.

३. पोट शिवण्यापूर्वी मोजणी करण्याची विनंती करावी. वीस दिले असतील तर वीसच परत आले पाहिजेत.

४. शस्त्रक्रियेची तारीख व प्रकार लिहून ठेवावा. जनावर विकल्यास ती नोंद घेणाऱ्यास द्यावी.

मोजणीची विनंती करण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. माणसांच्या शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसृत केलेल्या तपासणी-यादीतही हीच मोजणी सांगितली आहे.

हा नियम आपल्या हातालाही लागू आहे. अळ्या पडलेल्या जखमेत टर्पेंटाईनचा बोळा घालून तो विसरणे, ही चूक घरोघरी होते. आत घातलेली प्रत्येक वस्तू मोजून बाहेर काढावी. ही मोजणी दोन मिनिटांची असते. ती चुकल्यास दुभते जनावर गमावण्याची वेळ येते.