हौसेचं बिल: वीज की पेट्रोल?

ज्याला गाडी नुसती ऑफिसला जाण्यापुरती नको असते, त्याच्यासमोर सध्या चाकणमध्येच तयार होणाऱ्या दोन गाड्या उभ्या आहेत. एक फोक्सवॅगन व्हर्टस जीटी: दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस, हवे असतील तर हाताने टाकायचे सहा गिअर. दुसरी महिंद्राची बीई ६: ५९ युनिटची बॅटरी, २३१ पीएस आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. बीई ६ चं सुरुवातीचं मॉडेल एक्स-शोरूम १८ लाख ९० हजारांना बाजारात आलं. व्हर्टसचं वरचं मॉडेलही त्याच घरात जातं. एकाच पैशात दोन स्वभाव, म्हणून हिशेबाला ही जोडी घेतली आहे. किमती थोड्या मागेपुढे होतील, गणिताची चाल बदलणार नाही.

एक्स-शोरूम आकडा जवळपास सारखा असला तरी ऑन-रोड फरक पडतो. सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या गाडीवर ५ टक्के आणि चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे, पण तो किमतीत मुरलेला असल्याने डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो रोड टॅक्स. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, म्हणजे साडेअठरा लाखांवर सव्वादोन लाखांच्या आसपास. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या गाडीला हा कर माफ आहे. त्यातून घरच्या चार्जरचे ५० हजार आणि वायरिंगचे १५-२० हजार वजा करा. तरी दीड लाख खिशात राहतात. चार्जर किमतीत धरलाय का, हे कोटेशनवर बोट ठेवून विचारा, बहुतेकदा नसतो. आणि कोणी आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली व्याजाची सूट मिळेल म्हणून गळ घालत असेल, तर ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

विम्यात मात्र चित्र उलटं. थर्ड पार्टीचा हप्ता पेट्रोल गाडीला इंजिनच्या सीसीवर ठरतो आणि विजेच्या गाडीला मोटरच्या किलोवॅटवर. व्हर्टस १५०० सीसीच्या आत बसते, तिला वर्षाला ३,४१६ रुपये. बीई ६ ची मोटर ६५ किलोवॅटच्या कितीतरी वर, तिला ६,७१२. नव्या गाडीला हे तीन वर्षांचे एकदम भरायचे असतात. बॅटरीला खालून दगड लागला तर काय, हे पॉलिसीत वाचल्याशिवाय सही करू नका. झिरो डेप्रिसिएशनसोबत बॅटरीचं वेगळं कव्हर घ्या. इथे कंजुसी नको.

आता चालवण्याचा खर्च. कंपनीचं मायलेज विसरा, हौशी माणसाचा उजवा पाय त्या आकड्यासाठी बनलेला नसतो. व्हर्टस दाबून चालवली तर लिटरला १० ते ११ किलोमीटर धरा. लिटरला १०४ रुपयांच्या हिशेबाने किलोमीटरला साडेनऊ-दहा रुपये झाले. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकायची सवय असेल तर त्यावर आणखी थोडे. बीई ६ तशाच पायाखाली युनिटला पाच किलोमीटर देईल. घरच्या विजेला युनिटमागे दहा रुपये धरले आणि चार्जिंगमधली गळती मोजली, तर किलोमीटरला सव्वादोन रुपये. वर्षाला १२ हजार किलोमीटर होत असतील तर एकीकडे १ लाख १५ हजारांच्या आसपास, दुसरीकडे २७ हजार.

पण या २७ हजारांत एक मेख आहे: घरची वीज. महिन्याला सव्वादोनशे युनिट वाढले की महावितरणचं बिल वरच्या स्लॅबमध्ये सरकतं, म्हणून गाडीसाठी वेगळं मीटर घेतलेलं बरं. सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जर बसवू दिला नाही तर हायवेवरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २० ते २५ रुपये जातात. बचत तरीही उरते, पण बरीच कमी. शिवाय शनिवारी सकाळी लोणावळ्याच्या फूड मॉलवर रांगेत उभं राहायचं, ते वेगळंच.

टोलचं तेवढ्यात सांगतो. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर विजेच्या मोटारींना माफी देण्याचं धोरण आहे. एक्स्प्रेस वेला एका बाजूचे ३२० रुपये पडतात, तेव्हा फास्टॅगमधून पैसे कापले गेले का, हे दर फेरीनंतर तपासा आणि कापले असतील तर परत मागा.

इथपर्यंत वीज जिंकली. ताम्हिणी घाटात हिशेब बदलतो. व्हर्टस सव्वा टनाची, बीई ६ दोन टनांच्या आसपास. बॅटरी तळाशी असल्याने बीई ६ झुकत नाही, वळणातून बाहेर पडताना जो धक्का देते त्याला तोड नाही, आणि उतारावर रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे ब्रेक पॅड जवळजवळ झिजतच नाहीत. पण ते सगळं वजन आणि तो टॉर्क कुठेतरी वसूल होणारच, तो टायरमधून होतो. व्हर्टसच्या १६ इंची टायरला सात-नऊ हजार. बीई ६ च्या मोठ्या टायरला त्याच्या दुप्पट, आणि घाटात रमणाऱ्याला ते लवकर बदलावे लागतात. विजेच्या गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये वाचलेले पैसे बरेचसे इथेच जातात. व्हर्टस एवढी वेगवान नाही. मात्र तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून इंजिन वर चढवण्यात जे हाताला आणि कानाला मिळतं, ते माझ्या मते दीड लाख जास्त देऊन घेण्यासारखं आहे. ज्याला ते नको, त्याने पेट्रोलच्या वाटेला जाऊ नये.

आवाज नसण्याचाही खर्च असतो. विजेच्या गाडीत शंभर कधी ओलांडले कळत नाही आणि एक्स्प्रेस वेवरच्या कॅमेऱ्याला बरोबर कळतं. घाटात मर्यादा आणखी खाली येते. चलान वर्षाच्या खर्चात धरूनच ठेवा.

ट्रॅकवर जायची हौस असेल तर मी पेट्रोलच सुचवीन. पुण्याहून कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे बाराशे किलोमीटरच्या घरात. तिथे पोचून सलग लॅप मारल्या की बॅटरी तापते, गाडी स्वतःहून ताकद कमी करते, आणि पुन्हा चार्ज करायला जागा शोधावी लागते. पेट्रोलवाला कॅनमधून भरतो आणि परत आत जातो. दोघांनाही लागू असलेली गोष्ट म्हणजे साधी मोटार पॉलिसी शर्यत आणि वेगाच्या चाचणीला लागू होत नाही. ठोकली तर भरपाई नाही. इंजिनचं रीमॅपिंग करून घेणाऱ्यांनी वॉरंटीही त्याच हिशेबात सोडून द्यावी.

बजेट वाढलं की तराजू पुन्हा विजेकडे झुकतो, तोही जोरात. ७९ युनिटची बीई ६ एक्स-शोरूम २६ लाख ९० हजारांना आली. २८६ पीएस, शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत. चार चाकांना ताकद देणारी टाटा हॅरिअर ईव्ही ६.३ सेकंद सांगते, किंमत २९ लाखांच्या आत. याच वेगाची पेट्रोल गाडी हवी तर बाहेरून आयात केलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस ४९ लाख ९९ हजारांना आणि गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली. म्हणजे वरचे वीस लाख वेगाचे नव्हेत, गाडीच्या चपळाईचे आणि नावाचे.

राहिला पुनर्विक्रीचा प्रश्न. महिंद्राची आजीवन बॅटरी वॉरंटी पहिल्या खासगी मालकापुरती असते. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ती १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटरवर येते. तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने वॉरंटीचा कागद जपून ठेवावा, घेणारा पहिला तोच मागेल. विजेच्या जुन्या गाड्यांचा बाजार अजून बसायचा आहे, म्हणून तिथे किंमत धरताना हात आखडता घ्या.

बुकिंगचे पैसे देण्याआधी सोसायटीचं चार्जरचं परवानगीपत्र लेखी हातात घ्या, आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती न घेता चढ, उतार आणि खराब रस्ता असलेल्या वाटेवर मागा.