नीटचं तिसरं वर्ष नेमकं कुणासाठी?

जून उजाडला की सोलापूरचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात : "सर, अजून एक वर्ष लातूरला ठेवू का?" म्हणजे नीटचा तिसरा प्रयत्न. मुलगी शेजारी गप्प. तिला विचारलेल्याचं उत्तरही वडीलच देतात.

परीक्षेला बसतात २० लाखांहून जास्त, एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. दोनदा मन लावून अभ्यास करूनही गुण तिथंच अडकले असतील, तर तिसरं वर्ष तुमच्या हट्टापायी जाणार. फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी अ‍ॅग्री सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही.

बॉटनी म्हटलं की मात्र चेहरे पडतात. "त्यात काय करणार?" त्यांच्यासाठी हा इथलाच दाखला : २०१४ साली लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'क्यू बुलेटिन'मध्ये क्रायनम सोलापुरेन्से ही नवी प्रजाती जाहीर झाली. अंगणातल्या सुदर्शनाची ही भावकी. नाव देणारे गायकवाड, गरड आणि गोरे. गायकवाड सर इथल्याच वालचंद कॉलेजचे. लातूर-कोटा न करता सोलापूरचं नाव जगाच्या वनस्पतिकोशात गेलं.

फूल दिसलं, फोटो काढला, की झाली नवी प्रजाती, असं नसतं. रोप कंदासकट खणायचं, वर्तमानपत्रात दाबायचं, कागद वेळोवेळी बदलायचे. पानं मांसल असली आणि आळस केला की बुरशी. मग वनस्पतिशास्त्रज्ञ कुकच्या शंभर वर्षांपूर्वीच्या फ्लोरापासून, म्हणजे वनस्पतींच्या वर्णनग्रंथापासून, सगळ्या जवळच्या प्रजातींशी ताडून बघायचं. एक नमुना 'टाइप' म्हणून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करायचा आणि लॅटिन किंवा इंग्रजी वर्णन छापून आणायचं.

आता पगार. जागा थोड्या आहेत, हे आधीच सांगतो. बीएस्सी, एमएस्सी, मग नेट-जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७ हजार, पीएचडी; पुढं भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा प्राध्यापकी. तिशीच्या आत बस्तान बसेलच असं नाही. मुलीच्या लग्नाची घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. पण बांधावरची दोन गवतं जिला वेगळी दिसतात, तिला पुन्हा एमसीक्यू सोडवायला बसवू नका.

प्रवेश अर्ज भरण्याआधी तिला एखाद्या कॉलेजच्या बॉटनी विभागात न्या. हर्बेरियम दाखवा म्हणावं. प्रश्न तिला विचारू द्या. तुम्ही बाहेर थांबा.