आराखड्यापाशी थांबणारं साधन

कोड लिहिणारं एआय साधन निवडताना हल्ली पहिला प्रश्न असतो, ‘यात प्लॅन मोड, म्हणजे कोड लिहिण्याआधी आराखडा मांडण्याची सोय, आहे का?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरावरून आता निवड करता येत नाही, कारण उत्तर जवळपास सगळीकडे ‘हो’ असंच येतं. क्लॉड कोडमध्ये शिफ्ट-टॅब दाबून प्लॅन मोडमध्ये जाता येतं. कर्सरने तो २०२५ च्या ऑक्टोबरात आणला. त्याच वर्षी जुलैत आलेलं अ‍ॅमेझॉनचं किरो तर मुळातच आधी गरजा, मग रचना आणि मग कामांची यादी अशा तीन फायली तयार करतं. गिटहबने सप्टेंबरात आधी आराखडा आणि मग कोड करून घेण्याचं स्पेक किट सगळ्यांसाठी खुलं केलं. एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी कोडकडे फारसं न बघता कोड करून घेण्याला ‘व्हाइब कोडिंग’ म्हटलं ते त्याच वर्षी फेब्रुवारीत. वर्ष संपायच्या आत वारं असं फिरलं. तेव्हा आराखडा सगळ्यांकडे आहे. माझ्या मते पाहायचं ते हे, की आराखडा झाल्यावर साधन खरोखर थांबतं का, आणि ते थांबलं की आपण नेमकं कशाला मान्यता देतोय हे माणसाला कळतं का.

हे का महत्त्वाचं, ते एका साध्या कामावर दिसेल. गृहनिर्माण संस्थेच्या मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर आहे आणि कोड लिहिणाऱ्या एआय एजंटला सांगितलंय, ‘थकबाकीवर २१ टक्क्यांनी व्याज लाव.’ एजंट मागच्या महिन्याची शिल्लक उचलतो, तिच्यावर १.७५ टक्के लावतो आणि पुढे जातो. पण त्या शिल्लकीत आधीचं व्याजही मिसळलेलं असतं, म्हणजे व्याजावर व्याज सुरू झालं. दहा हजारांच्या थकबाकीवर वर्षाचं सरळ व्याज २,१०० रुपये होतं. असं दरमहा चढवलं तर २,३१४. महाराष्ट्रातल्या २०१४ च्या आदर्श उपविधींत सरळ व्याजच सांगितलंय आणि कमाल मर्यादाही २१ टक्क्यांचीच. गंमत अशी, की टेस्ट सगळ्या हिरव्या दिसतील, कारण त्या लिहिणाऱ्या एजंटचाही समज तोच आहे. कोडच्या चारशे ओळींत ही चूक सापडणं कठीण. आराखड्यात मात्र ‘व्याज = मागील शिल्लक × १.७५ टक्के’ अशी एक ओळ असेल, तर कोडचं अक्षरही न वाचणारा खजिनदार तिच्यावर बोट ठेवू शकतो. चांगलं साधन आणखी एक पाऊल पुढे जाऊन विचारेल: सभासदाने अर्धीच रक्कम भरली तर आधी व्याज वळतं करायचं की मुद्दल?

आता थांबण्याविषयी. २०२५ च्या जुलैत रेप्लिट या कोडिंग साधनाच्या एजंटने, काहीही बदलू नको असं बजावलेलं असतानाही, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी ही गोष्ट अस्वीकारार्ह असल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि चाचणीचा व प्रत्यक्षातला डेटाबेस वेगळा करण्याबरोबरच फक्त आखणी करणारा मोडही देऊ असं सांगितलं. यातून घ्यायचा धडा असा, की प्रॉम्प्टमध्ये लिहिलेलं ‘थांब’ ही विनंती असते. परवानगीच काढून घेतली तरच कुलूप लागतं. म्हणून साधन घेण्याआधी एखाद्या नकली रिपोत (कोडच्या साठ्यात) प्लॅन मोड चालू करून त्याला एक फाइल पुसायला सांगा, आणि नकार मॉडेलच्या शहाणपणातून आला की साधनाने हातच बांधले होते, ते बघा. फायली बदलू न देणारा पण टर्मिनलवर हवी ती कमांड चालवू देणारा प्लॅन मोड असेल, तर त्याचा उपयोग अर्धाच.

जुनेजाणते म्हणतील, ही तर आधी सगळं कागदावर ठरवण्याची जुनी वॉटरफॉल पद्धत मागच्या दाराने परत आली. २००१ च्या अजाइल जाहीरनाम्याने कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोठं मानलं ते काय उगाच? पण वॉटरफॉलचा जाच महिनोन्‌महिने चालणाऱ्या आणि मग बदलता न येणाऱ्या दस्तऐवजांचा होता. इथला आराखडा काही मिनिटांत होतो आणि पटला नाही तर तितक्याच लवकर फेकता येतो. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: माणसं आराखडा वाचतच नाहीत. पानभर मुद्दे आणि सुबक तक्ते दिसले की ‘अ‍ॅप्रूव्ह’वर बोट जातं. किरो गरजा ज्या ‘ईअर्स’ पद्धतीने लिहितं, ती रोल्स-रॉइसमध्ये विमानाच्या इंजिनांच्या कामातून तयार झाली आणि २००९ मध्ये मांडली गेली. इंजिनाला ती शिस्त शोभते. बटणाचा रंग बदलताना तिचा नुसता काच होतो. तेव्हा छोट्या कामाला आराखडा गाळू देणारं आणि मोठ्या कामाचाही आराखडा आटोपशीर ठेवणारं साधन घ्यावं. तो आराखडा चॅटमध्ये वाहून न जाता रिपोत फाइल म्हणून राहावा आणि आपल्याला हाताने खोडता यावा. सहा महिन्यांनी ‘हे असं का केलं?’ असं कुणी विचारलं, तर ती फाइल आणि तिचा कमिट दाखवता येतो.

मॉडेलं सुधारली की ही सगळी उठाठेव संपेल, असंही म्हणतात. पण संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं, की सॉफ्टवेअरमधलं खरं अवघड काम नेमकं काय बांधायचं हे ठरवण्याचं आहे. मुद्दल आधी की व्याज आधी, हे संस्थेच्या सभेच्या इतिवृत्तात लिहिलेलं असेल. ते इतिवृत्त मॉडेलने पाहिलेलंच नाही. मग मॉडेल कितीही हुशार झालं तरी अंदाजच करणार.

निवडताना ‘वापरून बरं वाटलं’ यावर मात्र विसंबू नका. मीटर या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांवर १६ अनुभवी प्रोग्रामरांची २४६ कामं तपासली. एआय वापरायला मुभा असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावरही त्यांची समजूत आपण २० टक्के जास्त वेगाने काम केलं अशीच होती. साधनं तेव्हापासून बदलली आहेत, पण स्वतःच्या वेगाबद्दलचा आपला अंदाज सुधारला असेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा आपल्याच जुन्या, गुंतागुंतीच्या रिपोतलं एक काम घ्या आणि मागणीत मुद्दाम एक विसंगती पेरा: एका ओळीत सरळ व्याज, दुसरीत चक्रवाढ. आराखडा मागा. साधनाने ती विसंगती तुमच्यासमोर ठेवली नाही आणि आपल्या मनानेच एक बाजू निवडून टाकली, तर त्याची वार्षिक वर्गणी भरू नका.